सेफ्टी झोनचा खर्च कोणाच्या खात्यात? उरणमधलं एक प्रकरण

उरणमध्ये कुणी घर बांधायचं किंवा जमीन घ्यायची म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो सेफ्टी झोनचा. करंजाला नौदलाचा शस्त्रास्त्र डेपो आहे. त्याच्याभोवती १९९२ साली अधिसूचना निघाली आणि बांधकामबंदीचा पट्टा जाहीर झाला. बोरी पाखाडी, केगाव, म्हातवली आणि उरण शहराचा काही भाग या वादात येतो. पट्ट्यात तेव्हाही घरं होती, पुढे ती खूप वाढली. तोडायची की कायम करायची, हा प्रश्न मोर्चे, निवेदनं, निवडणुकीतली आश्वासनं आणि कोर्ट असा सगळीकडून फिरून आला, पण सुटला नाही.

या प्रकरणाकडे सगळे जमिनीचा वाद म्हणून बघतात. माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक सुरक्षेत गेली, त्यामुळे मला ते पहिल्यापासून अग्निसंरक्षणाचं प्रकरण वाटत आलं आहे. दारूगोळ्याच्या डेपोचं आगीपासून रक्षण कापलेलं गवत, पाळीवर हजर असलेली माणसं, कोठारांची बांधणी आणि वस्तीपासूनचं अंतर यांवर अवलंबून असतं. यातल्या पहिल्या तिन्हींचे पैसे संरक्षण खातं मोजतं. अंतराची किंमत मात्र शेजारच्या सातबाऱ्यावर पडते. ती कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून अंतर हा सगळ्यांत स्वस्त उपाय ठरतो आणि बाकीच्या उपायांशी त्याची तुलना होत नाही. माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

बंब आला म्हणजे झालं, असं इथे नसतं

कारखान्यात आग लागली की आपण बंब कधी पोचला ते विचारतो. दारूगोळ्याच्या बाबतीत हा प्रश्न बहुतेक वेळा उशिराचा असतो. दारूगोळ्याचे धोक्यानुसार वर्ग पाडलेले असतात. त्यातला पहिला वर्ग म्हणजे सगळा साठा एकाच वेळी उडू शकेल असा माल. अशा कोठारावर आठ कोनांची पाटी असते आणि तिच्यावर १ आकडा असतो. अग्निशमन दलासाठी त्या पाटीचा अर्थ सरळ आहे: आग अजून पेट्यांपर्यंत गेली नसेल तर जिवाची शर्थ करून विझवा, पेट्यांनी पेट घेतला असेल तर माघारी फिरा. तिथे पाणी मारत उभं राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं.

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात जे झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. एकोणीस माणसं गेली. दोन लष्करी अधिकारी होते, आणि मृतांमध्ये मोठी संख्या होती ती भांडाराच्याच अग्निशमन कर्मचाऱ्यांची. ते आगीकडे धावत गेले होते. चौकशीत बोट गेलं ते सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे. खराब झालेला साठा वेळेत वेगळा काढून नष्ट करायला खर्च येतो, माणसं लागतात, परवानग्या लागतात. तो खर्च लांबला की धोका कोठारात तसाच पडून राहतो, आणि शेवटी फायरमनच्या वाट्याला येतो.

आपल्याच बंदरातलं उदाहरण त्याहून जुनं आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि तेराशे-चौदाशे टन स्फोटकं होती. दुपारी आग लक्षात आली आणि चारच्या सुमाराला जहाज उडालं. मधला वेळ पाणी मारण्यात गेला. जहाज बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं, हा निर्णय कुणी घेतला नाही. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

म्हणून डेपोच्या अग्निसंरक्षणाचा खरा खर्च आग लागण्याआधीचा असतो. गेटवर काडेपेटी, लायटर आणि मोबाईल जमा करून घेणं, गाडीच्या धुराड्याला ठिणगीरोधक जाळी लावणं, वीजरोधकाचं अर्थिंग मोजणं, पाण्याच्या टाक्या भरलेल्या ठेवणं. यातलं काहीच कुणाच्या नजरेत भरत नाही.

गवताचं बिल

या प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गवताची बाब. ती फार किरकोळ दिसते आणि तिच्यामुळेच सगळ्यांत मोठं नुकसान झालेलं आहे.

२८ एप्रिल २००० ला राजस्थानात भरतपूरच्या दारूगोळा डेपोत आग लागली. ती वाळलेल्या गवतातून पसरली आणि साठ्यापर्यंत गेली. तीनशे कोटी रुपयांहून जास्त किमतीचा दारूगोळा गेला. नंतर सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या कॅगने नोंदवलं की खर्च वाचवण्यासाठी तिथलं गवत दोन वर्षं कापलेलं नव्हतं. ते वेळच्या वेळी कापलं असतं तर नुकसान पुष्कळ कमी झालं असतं.

ही काटकसर ज्याने केली त्याला दोष देणं सोपं आहे. पण निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर काय असतं ते बघायला हवं. गवत कापण्याचं बिल दरवर्षी येतं. आग दरवर्षी लागत नाही. पहिल्या वर्षी गवत कापलं नाही आणि काही झालं नाही, तर ती बचत शहाणपणाची ठरते. दुसऱ्या वर्षी तिचा दाखला देता येतो. तिसऱ्या वर्षापर्यंत कापणीची तरतूदच निघून गेलेली असते, आणि ती परत मागायची तर आता नवीन गरज काय निर्माण झाली, ते फायलीवर लिहावं लागतं. धोका तोच असतो, पण तो फायलीत मावत नाही. आधीच्या वर्षी आग लागली नाही हा सुरक्षिततेचा पुरावा मुळीच नाही. वाळलेलं गवत आणि ठिणगी त्या वर्षी एकत्र आली नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

आता भरतपूर सोडून कोकणात या. राजस्थानच्या मानाने आपल्याकडे पाऊस कितीतरी जास्त. जून ते सप्टेंबर द्रोणागिरीच्या उतारावर गवत कंबरेच्या वर जातं. ऑक्टोबरच्या उन्हात ते पिवळं पडायला लागतं, दिवाळीनंतर बुंध्यापर्यंत सुकतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात धरून मुरगळलं तर काडी कटकन मोडते. डोंगरांवर वणवे लागतात ते याच दिवसांत. दुपारनंतर खारा वारा सुटला की वणव्याची रेषा माणसाच्या चालीपेक्षा वेगाने पुढे सरकते. अशा ठिकाणी एक कापणी पुरत नाही. पाऊस संपल्यावर एक, आणि वाळल्यावर पडलेला पालापाचोळा उचलायला पुन्हा एक. वन खातं डोंगरावर जाळरेषा काढतं तशी कुंपणाच्या आतबाहेर उघडी पट्टी लागते, आणि ती पूर्ण मोकळी लागते. कापून तिथेच टाकलेलं गवत उभ्या गवताइतकंच पेटतं, पण ठेकेदाराच्या मोजमापात कापलेलं क्षेत्र तेवढंच धरलं जातं. म्हणून करारात गवत कापणं आणि ते उचलून बाहेर नेणं या दोन्हींचे दर वेगळे लिहिलेले असावेत, असं मी कुठल्याही सुरक्षा अधिकाऱ्याला सांगेन.

कुंपणाची एक बाजू डेपोची असते, दुसरी गावाची. बाहेरून आलेला वणवा कुंपणाला विचारून थांबत नाही. त्यामुळे बाहेरच्या पट्ट्यातलं गवत कुणी कापायचं, हा प्रश्न गावालाही लागू होतो. सेफ्टी झोनमध्ये शेती थांबली आणि जमीन पडीक राहिली की तिथे गवतच वाढतं. म्हणजे सुरक्षिततेसाठी मोकळा ठेवलेला पट्टा नुसता मोकळा ठेवून सोडून दिला, तर उन्हाळ्यात तोच जळाऊ होतो.

माणसं

माणसांबद्दल थोडक्यात. लष्करी डेपोतले फायरमन बहुधा नागरी कर्मचारी असतात. एका बंबावर प्रत्येक वेळी सहा माणसं हवी असं धरू. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे ४८. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरलं की साडेचार. सहा जागांना सत्तावीस. यात पाच पदं रिकामी राहिली तर कागदावर ती तूट सहन करण्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात प्रत्येक पाळीत एक माणूस कमी असतो. तो रात्री दोन वाजताही कमीच असतो. साधारण साडेचार हजार लिटरच्या बंबावर मिनिटाला साडेचारशे लिटरचे दोन फवारे चालवले तर टाकी पाच मिनिटांत संपते. त्या पाच मिनिटांत दुसऱ्या पाण्याची लाइन जोडायला मोकळा हात लागतो, आणि तोच नेमका रिकाम्या पदावरचा असतो. कॅगने २०१५ च्या दारूगोळा व्यवस्थापनावरच्या अहवालात अग्निशमनाच्या साधनांची आणि माणसांची तूट नोंदवली होती. पुढच्याच वर्षी पुलगाव झालं.

अंतराचं गणित

आता मूळ मुद्दा. वस्ती किती लांब हवी हे मनाने ठरत नाही. त्यासाठी जगभर एक सूत्र वापरतात: स्फोटकाच्या किलोग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ काढायचं आणि त्याला २२.२ ने गुणायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. एका कोठारात ६४ टन स्फोटक असेल तर घनमूळ ४०, अंतर ८८८ मीटर. ८ टन असेल तर घनमूळ २०, अंतर ४४४ मीटर. लहान साठ्यांना किमान अंतराची वेगळी अट असते, आपल्याकडे संरक्षण खात्याचे स्वतःचे नियमही आहेत, आणि करंजाच्या कोठारांतले आकडे गोपनीय असतात, ते तसेच राहायला हवेत. इथले आकडे फक्त सूत्र कसं चालतं ते दाखवण्यासाठी घेतले आहेत.

साठा आठ पट झाला की अंतर दुप्पट होतं. उलटं वाचलं तर अंतर निम्मं करायचं असेल तर एका कोठारातला साठा आठव्या भागावर आणावा लागतो. जमिनीचा हिशोब त्याहून बोलका आहे. ८८८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्र सुमारे २४८ हेक्टर, आणि ४४४ मीटरच्या वर्तुळाचं सुमारे ६२. करंजाला एका अंगाला समुद्र आहे, त्यामुळे काही भाग पाण्यावरच जाईल. तरीही एका मोठ्या कोठाराऐवजी मातीच्या बांधांनी वेगळी केलेली आठ लहान कोठारं केली, तर गावाची शेकडो गुंठे जमीन मोकळी होऊ शकते. दोन कोठारांमध्ये मातीचा चांगला बांध असेल तर एकाचा स्फोट दुसऱ्यापर्यंत जाऊ नये यासाठी लागणारं अंतर वस्तीच्या अंतरापेक्षा पुष्कळच कमी असतं.

पण आठ कोठारं म्हणजे आठ वीजरोधक, आठ बांध, जास्त रस्ते, जास्त पहारा, आणि पुन्हा आठांच्या भोवतीचं गवत. हा सगळा खर्च संरक्षण खात्याच्या खात्यात पडतो. एक मोठं कोठार आणि लांब अंतर ठेवलं तर तो खर्च गावाच्या खात्यात जातो. दोन्हींत देशाचा खर्च आहेच. फरक एवढाच की एक बिल दिसतं आणि दुसरं दिसत नाही. दिसणारं बिल कमी करणं म्हणजे काटकसर, असं आपल्याकडे समजतात.

या सूत्राबद्दल आणखी एक गोष्ट गावातल्या लोकांना कुणीतरी नीट सांगायला हवी. या अंतरावर काहीच होणार नाही, असं सूत्र म्हणत नाही. तिथे हवेचा दाब साधारण ५ किलोपास्कलने वाढेल, असं ते म्हणतं. पक्कं घर उभं राहील, पण काचा फुटतील, गिलावा निघेल, पत्रे आणि कौलं उडतील, काचेने माणसं जखमी होतील. म्हणजे सीमेवर बसकं कौलारू घर असणं आणि काचेचा दर्शनी भाग असलेली दहा मजली इमारत असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाच रेषेने दोघांना एकच नियम लावला की दोघांवरही अन्याय होतो.

रेषेच्या बाहेर काय बदललं

ज्या कायद्याखाली असे पट्टे आखले जातात तो वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट १९०३ सालचा आहे. त्यात ५००, १,००० आणि २,००० यार्डांपर्यंतचे पट्टे आहेत. ज्यांच्या हक्कावर बंधन येतं त्यांना नोटीस देणं, जिल्हाधिकाऱ्यांनी मोजणी करून नुकसानभरपाई ठरवणं, हेही त्यातच आहे. इंग्रजांनी केलेल्या कायद्यालाही कळत होतं की अंतराला किंमत असते. उरणच्या लोकांची जुनी तक्रार आहे ती हीच: बंधन आलं, मोबदला आला नाही.

ही तक्रार समजून घ्यायला उरणचा इतिहास आठवावा लागतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमीन घेतली, पुढे १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरासाठीही गावांनी जमीन दिली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्या घरात एक भाऊ होता तिथे आता चार मुलगे आहेत, आणि गावठाण तेवढंच आहे. उरलेल्या शेतात घर चढवलं तर तो हव्यास नव्हता. डोक्यावर छप्पर हवं, एवढंच होतं. आणि आता जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, उरणपर्यंत लोकल आहे, शेजारी विमानतळ आहे. अंतराची किंमत १९९२ साली जी होती तिच्या कितीतरी पट झाली. डेपोचं अंदाजपत्रक मात्र हे जाणतच नाही, कारण त्या किमतीचं बिल त्याच्याकडे कधी गेलंच नाही.

शेजारची तुलना इथे उपयोगी आहे. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा आहे आणि दलाची अग्निशमन शाखाही आहे. या बंदोबस्ताचा खर्च ज्या कंपनीला सेवा मिळते तिच्याकडून घेतला जातो. त्यामुळे कंपनीला दरवर्षी विचार करावा लागतो: किती माणसं, किती बंब, कशासाठी. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी या प्रकल्पात आग लागली तेव्हा चार जण गेले, त्यांत तिघे या दलाच्या अग्निशमन शाखेचे होते. गॅस गुजरातमधल्या हजिराकडे वळवावा लागला, आसपासच्या वस्तीत घबराट पसरली. बिल कंपनीने भरलं म्हणून जीव वाचले नाहीत, हे खरं आहे. पण तिथे धोक्याचा आणि खर्चाचा धनी कोण हे तरी स्पष्ट होतं. सेफ्टी झोनच्या बाबतीत तेवढंही नाही.

मग काय करावं

सगळी घरं पाडून रेषा जशी आहे तशी राबवायची, हे मला मान्य नाही. तीन दशकं वस्ती वाढू दिली, घरपट्टी घेतली, वीज दिली, आणि आता सुरक्षेचा सगळा भार तिथल्याच कुटुंबावर टाकायचा, हे न्यायाला धरून नाही.

पण निवडणुकीच्या सभेत मिळतं ते दुसरं आश्वासन, झोनच रद्द करू, त्याची मला जास्त भीती वाटते. रेषा पुसल्याने कोठारातलं स्फोटक कमी होत नाही. रेषा गेली की पहिल्या वर्षी बिल्डर येतील आणि बसक्या घरांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहतील. धोका होता तेवढाच राहील, त्याच्या पट्ट्यात येणारी माणसं मात्र दसपट होतील. डेपो दुसरीकडे हलवा, अशीही मागणी होते. नौदलाचा पश्चिमी ताफा मुंबईत आहे, तेव्हा साठा हाताशी लागणारच. आणि जिथे हलवाल तिथेही कुणाचं तरी गाव असेल.

मला पटणारा मार्ग संथ आहे. नौदलाने साठ्याचे आकडे जाहीर न करता, कोठारं विभागून आणि बांध घालून रेषा कुठपर्यंत आत घेता येईल याचा अभ्यास संरक्षण संशोधन संस्थेच्या (डीआरडीओ) अग्नि, स्फोटक आणि पर्यावरण सुरक्षा केंद्राकडून करून घ्यावा. त्या कामाचा खर्च आणि त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या जमिनीची किंमत एकाच कागदावर मांडावी. उरलेल्या पट्ट्यात आजची बसकी घरं राहू द्यावीत, मजले चढवायला बंदी असावी, खिडक्यांना काच सांधून धरणारी फिल्म आणि पत्र्यांना हूकबोल्ट यासाठी अनुदान द्यावं. ज्यांना बांधता येत नाही त्यांना १९०३ च्या कायद्यात लिहिलेली भरपाई आजच्या भावाने द्यावी. ती रक्कम मोठी असेल. ती मोठी निघाली तरच कोठारं विभागण्याचा खर्च योग्य वाटायला लागेल.

यांतल्या बऱ्याच गोष्टींना दिल्लीची मंजुरी लागेल आणि वर्षं जातील. काही गोष्टी मात्र पुढच्या एप्रिलच्या आधीही होऊ शकतात. दिवाळीनंतर कुंपणाच्या दोन्ही बाजूंचं गवत ग्रामपंचायत आणि डेपो यांनी एकाच आठवड्यात कापून उचलावं. सिडको, बंदर, गॅस प्रकल्प आणि डेपो यांच्या अग्निशमन दलांनी एकमेकांना कुठपर्यंत मदत करायची आणि कुठल्या पाटीपुढे जायचं नाही, हे लेखी ठरवावं. बेरूतला ४ ऑगस्ट २०२० ला गोदामात काय आहे हे न कळताच आगीवर गेलेले दहा अग्निशमन कर्मचारी मेले. आणि अग्निशमन सप्ताहात बोरी पाखाडीत, केगावात, म्हातवलीत एक रंगीत तालीम व्हावी: भोंगा कोणता, तो वाजल्यावर खिडक्यांपासून लांब कुठे बसायचं, घर सोडायची वेळ आली तर म्हाताऱ्यांना कुठल्या गाडीतून न्यायचं, आणि बंबासाठी कुठला रस्ता मोकळा ठेवायचा.